संशोधक किती खात्रीने बोलतोय, हे क्रियापदाला विचारा

हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरसरकारी मंडळाचा, म्हणजे आयपीसीसीचा, दुसरा अहवाल १९९५ साली तयार झाला. त्यातल्या एका वाक्याचा आशय असा होता: पुराव्यांचा एकूण तोल पाहता जागतिक हवामानावर माणसाचा ओळखू येईल असा प्रभाव असल्याचे सूचित होते. या वाक्याच्या शब्दांवर माद्रिदच्या बैठकीत बराच खल झाला. २००१च्या तिसऱ्या अहवालात मंडळ म्हणाले, गेल्या ५० वर्षांतली बहुतांश तापमानवाढ हरितगृह वायूंच्या वाढीमुळे झाली असण्याची शक्यता आहे. २००७ साली त्या शक्यतेची ‘दाट शक्यता’ झाली, २०१३ साली ‘अत्यंत दाट शक्यता’. आणि २०२१ साली वाक्याची घडणच बदलली: मानवी प्रभावामुळे वातावरण, महासागर आणि जमीन तापली आहे, हे निर्विवाद आहे.

पाचही अहवालांचा मुद्दा जवळपास एकच आहे. बदलत गेले ते मुद्द्याभोवतीचे व्याकरण. १९९५ साली बोलतोय तो पुरावा, आणि तोही फक्त सुचवतोय. पुढच्या तीन अहवालांत ‘झाली’ हे क्रियापद एकटे उभे राहत नाही, त्याला ‘असण्याची शक्यता’ हा आधार लागतो. २०२१ साली तो आधार काढून घेतला गेला आणि ‘तापली आहे’ एवढेच उरले. मधल्या सव्वीस वर्षांत जगभर जी मोजमापे झाली, जे वाद झाले, जी प्रारूपे तपासली गेली, त्या सगळ्याचे वजन या क्रियापदांच्या टोकाशी येऊन बसले आहे.

आयपीसीसीने एक पाऊल पुढे टाकून या शब्दांना आकडेही नेमून दिले. ‘शक्यता’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘दाट शक्यता’ म्हणजे किमान ९०, ‘अत्यंत दाट’ म्हणजे किमान ९५. इतर संशोधकांजवळ असा तक्ता नसतो. तरीही प्रत्येक जण जवळजवळ प्रत्येक वाक्यात हे माप देत असतो. आपल्याला किती खात्री आहे, ही माहिती आपल्याकडे कुठून आली, ती आपल्याला कितपत महत्त्वाची वाटते आणि तिची जबाबदारी आपण घेतो की नाही, या चार गोष्टी मिळून त्याची भूमिका बनते. ‘माझी भूमिका अशी’ असे तो क्वचितच लिहितो. ती भूमिका काळ, प्रयोग, अव्यये आणि वाक्यांचा क्रम यांतून कळते. वरवर कोरडा वाटणारा शोधनिबंध खरे तर अतिशय बारकाईने स्वतःची खात्री आणि शंका सांगत असतो, आणि वाचताना आपण नेमका तोच भाग गाळतो. मला हे नुकसान फार मोठे वाटते, म्हणून हा लेख.

शेवटचा शब्द

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे लेखक किती खात्रीने बोलतोय हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळते. समजा, झोप आणि स्मरणशक्ती यांविषयी कुणी चाळीस माणसांवर प्रयोग केला आहे. त्याचा निष्कर्ष असा लिहिता येईल:

कमी झोप घेतलेल्या सहभागींना कमी शब्द आठवले.
कमी झोपेमुळे स्मरणशक्ती घटत असावी.
कमी झोपेमुळे स्मरणशक्ती घटू शकते.
कमी झोपेमुळे स्मरणशक्ती घटते असे दिसते.
कमी झोपेमुळे स्मरणशक्ती घटते.

पहिले वाक्य भूतकाळात आहे, आणि तेच सगळ्यात भक्कम आहे. त्या दिवशी, त्या खोलीत, त्या माणसांच्या बाबतीत जे घडले तेवढेच ते सांगते. ते खोटे पाडायचे तर नोंदच खोटी ठरवावी लागेल. शेवटचे वाक्य साध्या वर्तमानकाळात आहे. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ या वाक्याचाही हाच काळ. सगळी माणसे, सगळे दिवस, सगळ्या प्रकारची स्मरणशक्ती एका झटक्यात त्याच्या कक्षेत येतात. भूतकाळातून साध्या वर्तमानकाळात येताना केवळ काळ बदलत नाही. चाळीस माणसांवरून सगळ्या मानवजातीवर उडी मारली जाते. मानसशास्त्राच्या शोधनिबंधांची या दृष्टीने तपासणी झाली तेव्हा बहुसंख्य लेखांत अशी सरसकट वर्तमानकाळी विधाने सापडली. उडी मारू नये असे नाही, विज्ञान तिच्यावरच चालते. पण ती कुठे मारली आहे हे वाचकाला दिसायला हवे.

मधली तीन वाक्ये मला जास्त रंजक वाटतात, कारण तिन्ही सावध आहेत, पण तिघांची सावधगिरी वेगळी आहे.

‘घटत असावी’ यातले ‘असावी’ हे शाळेत शिकलेल्या विध्यर्थाचे रूप. विध्यर्थ कर्तव्य सांगतो, इच्छा सांगतो आणि तर्कही सांगतो. इथे तो तर्क आहे. लेखकाने आकडे पाहिले, प्रत्यक्ष घट पाहिली नाही, पण मागोवा घेत तो तिथवर आला. शंका आहे ती त्याच्या अनुमानाविषयी.

‘घटू शकते’ दिसायला तितकेच नम्र आहे, पण ते वेगळेच काही सांगते. ते झोपेविषयी आहे: काही परिस्थितीत, काही माणसांत असे घडण्याला वाव आहे. हे वाक्य लेखक पूर्ण खात्रीनेही लिहू शकतो. शिवाय ते खोटे ठरवणे जवळपास अशक्य आहे. ‘शकते’ म्हटल्यावर जगात एकच उदाहरण सापडले तरी पुरते. म्हणून शोधनिबंधाच्या शेवटी ‘या शोधाचा कर्करोगाच्या उपचारात उपयोग होऊ शकतो’ असे वाक्य दिसले की त्याचे वजन जपून करावे. ते खोटे नाही, पण त्याने लेखकाला काहीच बांधून घेतलेले नाही.

‘घटते असे दिसते’ यात तिसरीच गोष्ट आहे. दावा पूर्ण वर्तमानकाळी आहे, फक्त त्याच्याभोवती ‘असे दिसते’ ची चौकट आहे. ती चौकट माहितीचा स्रोत सांगते: हे मला आकड्यांत दिसले, उद्या दुसऱ्या कुणाला वेगळे दिसले तर बोलू. तुर्की भाषेत भूतकाळाची दोन रूपे आहेत, एक स्वतः पाहिलेल्या गोष्टीसाठी आणि एक ऐकीव किंवा अनुमानाने कळलेल्या गोष्टीसाठी, आणि बोलताना त्यांतून निवड करावीच लागते. मराठी अशी सक्ती करत नाही. पण ‘तो आला’, ‘तो आलेला दिसतो’, ‘तो आला असावा’ आणि ‘तो आला म्हणे’ यांतला फरक कुठल्याही मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. संशोधनाची भाषा ‘म्हणे’ टाळते. उरलेली तिन्ही रूपे ती रोज वापरते.

बॉइलची सावधगिरी

ही पद्धत शोधनिबंधाइतकीच जुनी आहे. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांच्या सुरुवातीलाच सांगून टाकले, की मी ‘कदाचित’, ‘असे वाटते’, ‘हे असंभाव्य नाही’ असे शब्द वारंवार आणि जाणून वापरतो आहे. कारणांविषयी आपण चुकू शकतो, म्हणून तिथे मी बिचकत बोलतो. जे प्रत्यक्ष घडलेले पाहिले तेवढ्याविषयीच ठामपणे बोलतो.

बॉइलची ही वाटणी आजच्या शोधनिबंधाच्या रचनेत जशीच्या तशी उतरली आहे. कार्यपद्धतीच्या आणि निष्पत्तीच्या भागात भूतकाळ असतो, ‘मोजले’, ‘आढळले’, ‘वाढले’, आणि ‘कदाचित’ जवळपास नसते. चर्चेच्या भागात पाऊल टाकले की ‘असावे’, ‘सूचित होते’, ‘संभवते’ यांची दाटी होते. तोच लेखक, तोच विषय, पण तो ‘काय झाले’ कडून ‘का झाले’ कडे वळला आहे. एखाद्या लेखात निष्पत्ती बिचकत मांडली असेल आणि कारणे ठासून सांगितली असतील, तर थांबून पुन्हा वाचावे.

या सावध शब्दांचा पद्धतशीर अभ्यास गेल्या पन्नासेक वर्षांतला. जॉर्ज लेकॉफ या भाषाशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा शब्दांकडे लक्ष वेधले. पुढे डग्लस बायबर आणि एडवर्ड फिनेगन यांनी लेखकाची भूमिका कोणत्या व्याकरणिक खुणांतून दिसते ते मोठ्या लेखसंग्रहांवरून तपासले. केन हायलंड यांनी तर शोधनिबंधांतील सावध शब्द, ठाम शब्द, भावनिर्देशक शब्द आणि ‘मी’, ‘आम्ही’ यांची मांडणीच केली. त्यांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, भाषाशास्त्र अशा विषयांत भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीपेक्षा सावध शब्द बरेच जास्त येतात, ‘मी’ही जास्त येतो. पुरावा जितका अर्थ लावण्यावर अवलंबून, तितके लेखकाला स्वतः पुढे येऊन बोलावे लागते. प्रयोगशाळेत ते काम उपकरण करते, किंवा निदान लेखक तसे भासवतो.

कर्ता कुठे गेला?

हे भासवणे कसे होते? ‘उपकरणाने ३७ अंश तापमान दाखवले’, ‘आकडेवारी असे सांगते’, ‘प्रस्तुत अभ्यास सुचवतो’ या वाक्यांत निर्जीव गोष्टी बोलू लागतात. आकडेवारी स्वतः काहीच सांगत नाही. कुणीतरी ती निवडली, चाळली, एखादी कसोटी लावली आणि मग तिला बोलते केले. तरीही हे ढोंग आहे असे मी म्हणणार नाही. ‘आकडेवारी सुचवते’ म्हणताना लेखक वाचकाला सांगत असतो, की माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, आकडे तुम्हीही पाहा. अडचण तेव्हा होते, जेव्हा निवड लेखकाची असते आणि कर्तेपण मात्र आकड्यांना दिले जाते.

कर्ता लपवायचा म्हणजे कर्मणी प्रयोग करायचा, असे इंग्रजी लेखनाच्या मार्गदर्शकांत वाचून आपल्याकडेही सर्रास म्हटले जाते. मराठीला ते लागू पडत नाही. ‘आम्ही नमुने तपासले’ या वाक्यात क्रियापद ‘नमुने’ या कर्माप्रमाणे चालते, म्हणजे हा कर्मणी प्रयोगच झाला, आणि कर्ता तर ढळढळीत समोर उभा आहे. मराठीत कर्ता नाहीसा होतो तो दुसऱ्या वाटांनी. ‘नमुने तपासण्यात आले’ ही त्यातली हमरस्त्याची वाट. ‘असे आढळले’ ही दुसरी, तीत ‘आम्हाला’ सहज गळून जाते. ‘असे मानले जाते’ ही तिसरी, आणि सगळ्यात धोक्याची, कारण मानणारे कोण, किती आणि कशाच्या आधारावर मानतात, हे तीनही प्रश्न ती एका दमात मिटवते.

‘तपासण्यात आले’ला माझा सरसकट विरोध नाही. नमुने कुणी थंड पेटीत ठेवले हे वाचकाला खरोखरच महत्त्वाचे नसते. तिथे कर्ता वगळल्याने काही बिघडत नाही. पण ‘तीन नोंदी वगळण्यात आल्या’ हे वाक्य निराळे आहे. नोंदी वगळणे हा निर्णय असतो, आणि निर्णयाला माणूस लागतो. ‘आम्ही तीन नोंदी वगळल्या, कारण…’ असे लिहायला घेतले की ‘कारण’ आपोआप मागे येते. ‘वगळण्यात आल्या’च्या पुढे मात्र पूर्णविराम देऊन मोकळे होता येते. ‘नेचर’सारख्या नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांतही ‘आम्ही प्रयोग केला’ अशा थेट रचनेलाच पसंती दिलेली आहे.

मराठी प्रबंधांत ‘प्रस्तुत लेखकाच्या मते’ हा एक मधला मार्ग रूढ आहे. तो नम्र वाटतो, पण वाचकाला क्षणभर प्रश्न पडतो की हा लेखक म्हणजे लिहिणाराच की दुसराच कुणी? ‘माझ्या मते’ लिहिण्यात उद्धटपणा काही नाही.

‘हे’ आणि ‘असे’

दुसऱ्यांचे संशोधन उद्धृत करताना लेखकाची भूमिका सगळ्यात चटकन उघडी पडते. ‘त्यांनी दाखवून दिले’, ‘त्यांनी नोंदवले’, ‘त्यांनी सुचवले’, ‘त्यांचा दावा आहे’ ही चार क्रियापदे एकाच मूळ वाक्याला लावता येतात आणि प्रत्येक वेळी लेखक वेगळ्या अंतरावर उभा राहतो. ‘दाखवून दिले’ म्हणजे मलाही पटले. ‘नोंदवले’ म्हणजे मी फक्त सांगतोय. ‘दावा आहे’ म्हटले की वाचक पुढच्या ‘परंतु’ची वाट पाहू लागतो. इंग्रजी शोधनिबंधांतल्या अशा क्रियापदांची वर्गवारी अभ्यासकांनी केली आहे. मराठीत मात्र याहून बारीक एक खूण आहे.

‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्यांना ठाऊक होते.’
‘सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असे त्यांना वाटत होते.’

जोडणारा शब्द पहिल्या वाक्यात ‘हे’ आहे, दुसऱ्यात ‘असे’. ‘हे’ मागच्या वाक्याला वस्तुस्थिती म्हणून हातात धरते. ‘असे’ त्याला कुणाचे तरी म्हणणे म्हणून पुढे ठेवते. म्हणूनच ‘हे मान्य केले’ आणि ‘असे मानले’ यांत इतके अंतर आहे: मान्य करण्याआधीच ती गोष्ट खरी असते, मानले जाते ते खरे असेलच असे नाही. नकार लावून बघा. ‘पृथ्वी फिरते हे त्यांना ठाऊक नव्हते’ म्हटल्याने पृथ्वी थांबत नाही. ‘पृथ्वी फिरते असे त्यांना वाटत नव्हते’ यावरून मात्र लेखकाचे स्वतःचे मत काहीच कळत नाही.

आता शोधनिबंधातले वाक्य घ्या. ‘कमी झोपेमुळे स्मरणशक्ती घटते हे आधीच्या अभ्यासांनी दाखवले आहे’ असे लिहिणाऱ्याने त्या निष्कर्षाला आपलीही सही दिली. ‘घटते असे आधीच्या काही अभ्यासांत म्हटले आहे’ लिहिणाऱ्याने सही राखून ठेवली. ‘की’ वापरून वाक्य उलटे फिरवले, ‘आधीच्या अभ्यासांनी म्हटले आहे की…’, तर ही खूण पुसट होते. इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या लेखनात ‘की’ फार बोकाळला आहे, आणि त्यासोबत ‘हे’ आणि ‘असे’ यांचे काम नकळत कमी होते आहे. याची मला खरोखर खंत वाटते, कारण इतक्या थोडक्यात इतका नेमका भेद करण्याची सोय सगळ्याच भाषांत नसते.

नजरेतून न सुटलेली गोष्ट

भूमिकेच्या व्याकरणाचे सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये आहे. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी जेमतेम पानभराच्या लेखात डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली. लेखाची सुरुवात ‘आम्ही एक रचना सुचवू इच्छितो’ अशी आहे. ‘सुचवतो’ नाही, ‘सुचवू इच्छितो’. आणि शेवटाकडे ते वाक्य येते, ज्याचा आशय असा: आम्ही गृहीत धरलेल्या विशिष्ट जोड्यांवरून आनुवंशिक द्रव्याची प्रत कशी तयार होत असेल त्याची एक संभाव्य यंत्रणा लगेच सूचित होते, ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटलेली नाही.

किती पदर आहेत बघा. ‘गृहीत धरलेल्या’ जोड्या, म्हणजे सिद्ध झालेल्या नव्हेत. ‘संभाव्य’ यंत्रणा. ती ‘सूचित होते’, दिसत नाही. आणि या सगळ्यावर दुहेरी नकार: सुटलेली नाही. ‘आमच्या लक्षात आले आहे’ असे सरळ का म्हटले नाही? कारण दुहेरी नकारात एक पूर्वकल्पना दडलेली असते: कुणाला वाटेल की यांच्या लक्षात आले नसावे, तर तसे नाही. एकाच वाक्यात पुराव्यापुरती माघार आहे, आणि या शोधावरचा हक्कही बजावून ठेवला आहे. क्रिक यांनी पुढे सांगितले, की हे वाक्य ही तडजोड होती. त्यांना आनुवंशिकतेविषयी जास्त लिहायचे होते. वॉटसन यांना रचनाच चुकीची निघेल अशी धास्ती होती. दोन माणसांच्या खात्रीतला फरक एका वाक्याच्या घडणीत मिटवला गेला. पाच आठवड्यांतच, ३० मेच्या अंकात, दोघांनी आनुवंशिकतेवरचा स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला.

क्रियापदाचे नाम झाले की

‘तापमान वाढले आणि उत्पादन घटले.’ या वाक्याला कुणीही विचारू शकते: खरंच वाढले? किती घटले? आता हेच पाहा: ‘तापमानवाढीमुळे होणाऱ्या उत्पादनघटीची कारणमीमांसा’. प्रश्न विचारायला जागाच राहिली नाही. घट होते हे गृहीत धरून आपण थेट तिच्या कारणमीमांसेत शिरलो. क्रियापदाला काळ असतो, शंका असते, नकार लावता येतो. त्याचे नाम केले की हे सगळे गळून पडते आणि एक घट्ट वस्तू उरते. भाषाशास्त्रज्ञ मायकल हॅलिडे यांनी वैज्ञानिक भाषेतील या प्रक्रियेवर सविस्तर लिहिले आहे. विज्ञानाला ती लागतेच, कारण आधीचा निष्कर्ष एका शब्दात बांधला नाही तर पुढचा युक्तिवाद त्यावर उभा करता येत नाही. मराठीत संस्कृत समासांमुळे ही बांधणी फारच सोपी होते. शीर्षकात ‘-घट’, ‘-वाढ’, ‘-ऱ्हास’ असा शब्द दिसला, की त्यातले क्रियापद मनात सोडवून पाहावे आणि ते कुठल्या काळात उभे राहते ते तपासावे.

क्रमाविषयी एवढेच. ‘नमुना लहान असला, तरी निष्कर्ष महत्त्वाचे आहेत’ आणि ‘निष्कर्ष महत्त्वाचे असले, तरी नमुना लहान आहे’ या दोन वाक्यांतली माहिती तंतोतंत सारखी आहे. पहिले लिहिणारा स्वतःचा लेख पुढे रेटतोय, दुसरे लिहिणारा बहुधा दुसऱ्याच्या लेखाचे परीक्षण करतोय. ‘तरी’नंतर जे येते तेच लेखकाचे मत.

ठासून सांगणारे शब्द, ‘च’, ‘निःसंशय’, ‘अर्थातच’, ‘साहजिकच’, यांतल्या शेवटच्या दोघांकडे लक्ष ठेवावे. ‘निःसंशय’ निदान जबाबदारी घेतो. ‘साहजिकच’ ती वाचकावर टाकतो: तुम्हाला हे पटत नसेल तर उणीव तुमच्यात आहे. स्तुतीच्या विशेषणांचे तर पीकच आले आहे. २०१५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका पाहणीनुसार, वैद्यकीय संशोधनाच्या सारांशांपैकी ‘अभिनव’, ‘आश्वासक’ अशा धर्तीचे सकारात्मक शब्द असलेल्यांचे प्रमाण १९७४ ते १९८० या काळातल्या २ टक्क्यांवरून २०१४ पर्यंत १७.५ टक्क्यांवर गेले.

सावधपणाचा अतिरेक

हे सगळे वाचून कुणी प्रत्येक वाक्याला ‘असावे’ जोडू लागेल, तर तेही चुकीचेच. ‘असे म्हणता येण्याची शक्यता नाकारता येणार नाही’ हे वाक्य मी अनेक प्रबंधांत वाचले आहे. त्यात तीन बुरखे आहेत आणि एकही शंका नाही. शंका म्हणजे काय, ते सांगता आले पाहिजे. नमुना लहान होता? दुसरे कारण वगळता आले नाही? मोजण्याची पद्धत नवी होती? तसे असेल तर ‘असावे’ लिहावे, आणि शक्य तर कारणही लिहावे. प्रत्येक वाक्य सारखेच बिचकत असेल, तर लेखकाला खरी शंका कुठे आहे हे वाचकाला ओळखता येत नाही.

आकडेवारीच्या निष्कर्षांत तर एक क्रियापद सगळा अर्थ बदलते. ‘दोन औषधांत फरक आढळला नाही’ आणि ‘दोन औषधांत फरक नाही’. पहिले वाक्य शोधाविषयी आहे, दुसरे औषधांविषयी. तीस रुग्णांच्या चाचणीत फरक आढळला नाही, याचा अर्थ एवढाच की इतक्या लहान चाचणीत तो पकडता आला नाही. तीन हजार रुग्णांत कदाचित आढळेल. डग्लस ऑल्टमन आणि मार्टिन ब्लँड या संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ साली एका छोट्या टिपणात डॉक्टरांना हेच बजावले होते. तरी ‘आढळला’ गळून ‘नाही’ तेवढे उरणे थांबलेले नाही.

असे शब्द गळत गेल्यावर काय होते, हे स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी २००९ साली दाखवून दिले. स्नायूंच्या एका आजारात एक विशिष्ट प्रथिन कारणीभूत असते, या समजुतीचा त्यांनी माग काढला. २४२ शोधनिबंध आणि त्यांतले ६७५ संदर्भ तपासले. त्यांना दिसले, की समजुतीला धक्का देणारे लेख फारसे उद्धृतच होत नव्हते, आणि मूळ लेखात गृहीतक म्हणून मांडलेली गोष्ट पुढच्या लेखांत निव्वळ उद्धृत होत होत वस्तुस्थिती बनली होती. त्या बदलामागे नवा प्रयोग नव्हता. ‘असू शकेल’चे ‘आहे’ झाले होते.

म्हणून टिपणे काढताना निष्कर्षाबरोबर त्याचे क्रियापदही जसेच्या तसे उतरून घ्यावे. मूळ लेखाच्या सारांशात ‘घटते’ आणि चर्चेत ‘घटत असावी’ असेल, तर चर्चेतले रूप घ्यावे, कारण सारांश लक्ष वेधण्यासाठी लिहिलेला असतो आणि चर्चा परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तर देत लिहिलेली असते. मग स्वतःच्या लेखात ‘कमी झोपेमुळे स्मरणशक्ती घटत असावी, असे चाळीस सहभागींच्या अभ्यासावरून सुचवले गेले आहे’ एवढे लांब वाक्य झाले तरी ते तसेच राहू द्यावे.